खालून उत्तर नाही

“आलो गं आई,” दारात बूट काढता काढता शूहेई म्हणाला आणि सवयीने थांबला. खालून उत्तर आलं नाही. काल आलं नव्हतं, परवाही नाही. नव्या घरात राहायला आल्यापासून एकदाही आलं नव्हतं. त्याने बूट दाराकडे तोंड करून नीट लावले आणि तो मुकाट्याने जेवायला बसला.

बाहेरून आलेल्याने दारातून ‘आलो’ म्हणावं आणि घरात असेल त्याने ‘आलास’ म्हणावं, एवढी साधी रीत टोकियोतलं कुठलंही घर पाळतं. जुन्या घरात त्याची आई, तोमिए, पहिला बूट पायातून निघायच्या आत स्वयंपाकघरातून म्हणायची, “आलास? दमला असशील.” शाळेत होता तेव्हापासून. बाप वारला त्या आठवड्यातसुद्धा तिने हे चुकवलं नव्हतं.

बापाच्या माघारी वारसाकरापायी अर्धी जागा विकावी लागली. उरली ती चिंचोळी पट्टी, आणि तिलाही सोन्याचा भाव. वर चढवावं तर कायदा आडवा, कारण शेजाऱ्याच्या उन्हावर सावली पडता कामा नये. खाली खणायला मात्र मुभा होती. म्हणून त्या पट्टीवर नवं घर उभारताना शूहेईने आईसाठी तळघरात खोली बांधून घेतली. उन्हाळ्यात गार, भूकंपात भक्कम. रस्त्यावरच्या गाड्यांनी म्हातारीची झोपमोड नको म्हणून दार-खिडक्याही त्याने हौसेने चांगल्या जाडजूड निवडल्या. खोली बघून तोमिए म्हणाली होती, “माझ्यासाठी एवढं कशाला रे केलंस?” आणि नवऱ्याचा फोटो घेऊन ती निमूटपणे खाली राहायला गेली. ती दिवेलागणीलाच जेवायची, शूहेई उशिरा यायचा. रविवार सोडला तर मायलेकांची गाठ पडत नसे.

“कान गेले असतील हो त्यांचे,” एकदा त्याची बायको चिनात्सु म्हणाली. तेव्हा तो आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर हसले. “कान? अहो, बाहेर नर्स माझ्याबद्दल काय कुजबुजत होत्या, ते मला आत्ता तुमच्या आईंनी सांगितलं.”

म्हणजे कान शाबूत होते. ते कळल्यावर शूहेईला फार लागलं. ऐकू येत असून आई उत्तर देत नव्हती. तळघरात टाकलं म्हणून रुसली असेल, दुसरं काय.

“तुमच्या आईचा रुसवा तुम्हीच काढा बाई,” चिनात्सु म्हणाली. “सून मध्ये पडली तर रुसव्याचं भांडण होईल.”

पण बंद दार वाजवून ‘उत्तर का देत नाहीस’ असं विचारणं त्याला जमलं नाही. त्या घरात कुणी कुणाला असं विचारतच नसे. विचारलं तर समोरचा ओशाळेल, त्यापेक्षा आपण गिळून टाकावं, हे तो आईकडूनच शिकला होता. रोज दारात थांबायचं, वाट बघायची, मन थोडं आणखी कडू करून घ्यायचं. असं वर्ष गेलं.

मग उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात जागा झाली. रविवारच्या जेवणात त्याने विषय काढला. “तिथे तुझ्या वयाची माणसं आहेत. तुला बोलायला होतील.”

तोमिएने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “बरं,” ती म्हणाली. “तुम्हालाही खोली मोकळी होईल.”

शूहेईला त्यात टोमणा ऐकू आला. आईला टोमणे मारता येत नाहीत, हे त्या क्षणी त्याला आठवलं नाही. पुढच्या आठवड्यात ती गेली. चिनात्सुने खालची खोली पुसून घेतली आणि तिथे कपडे वाळत घालायच्या दांड्या लावल्या.

पहिल्या भेटीला तो गेला तेव्हा बाहेर पाऊस होता. आश्रमाच्या दारात वाकून तो ओले बूट काढत होता. त्याच्या मनात बुटांपलीकडे काही नव्हतं, आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, “आलो गं आई.”

“आलास? दमला असशील.”

दुसरा बूट अजून त्याच्या पायातच होता. दारामागच्या लाकडी जाळीच्या आडून तोमिए लगबगीने बाहेर आली. आश्रमाच्या सपाता तिला मोठ्या होत होत्या. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

“किती दिवसांनी म्हणालास रे,” ती म्हणाली. “नव्या घरात गेल्यापासून सोडूनच दिलं होतंस. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. पण विचारायचं कसं, म्हणून गप्प राहिले.”

दुसरा बूट पायात तसाच ठेवून शूहेई सरळ उभा राहिला. “आई, मी रोज म्हणत होतो.”

तोमिएचं हसू हळूहळू मावळलं.

“मी पण,” ती म्हणाली. “बातम्या संपल्या की तुझी यायची वेळ. रोज दाराआडून ‘आलास?’ म्हणायचे.”