नऊ नंबरचा चार्ट

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते आणि नऊ नंबरच्या चार्टवर दुपारी चारची टिक आधीच मारलेली होती.

इन्चार्ज सिस्टरने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. आठ, दहा, बारा, दोन, चार. डावी कूस, उताणं, उजवी कूस, सगळं कसं शिस्तीत. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची आणि मगच चौकोनात टिक मारायची. चार्ट तिनेच आखलेला. पाच वर्षांच्या डॉक्टरेटचा सगळा डोलारा त्या चौकोनांवर उभा होता. अकराला तोंडी परीक्षा. कडक इस्त्रीची साडी नेसून ती जाता जाता वॉर्डात डोकावली होती, एवढंच. "घरात डॉक्टर येतेय, आता निवांत आजारी पडतो," असं नवरा सकाळी चहा पिताना म्हणाला होता. मेला पांचट विनोद! पण ती हसली होती.

ही डॉक्टरेट पुस्तकी नव्हती. हजार तास खाटेपाशी उभं राहा, खऱ्या वॉर्डात खरा बदल घडवा आणि तो आकड्यांत दाखवा, असा नियमच होता. तिने बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून पडून होणाऱ्या जखमा, हा विषय निवडला. चाळीस पेशंट, दोन नर्सेस. आणखी दोघी मागायला गेलं की वरून ठरलेलं उत्तर यायचं, "आधी सिद्ध करा, मग बोला." पदवी हातात आली की बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं. आणि सहा महिन्यांत वॉर्डात एकही बेडसोर झाला नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. तेव्हाच खाटा फिरून बघायला हव्या होत्या. पण कौतुक कुणाला नको असतं?

नऊ नंबरला एक म्हातारा शिंपी होता. झटक्याने अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तिने पदर खोचला आणि त्याला डाव्या कुशीवर घेतलं. आधी वास आला. मग माकडहाडावरची जखम दिसली, लिंबाएवढी, आतपर्यंत गेलेली. शिंपी नुसता बघत राहिला.

"कधीपासून चाललंय हे?" तिने धाकट्या नर्सला विचारलं. ही पोरगी तिच्याच हाताखाली शिकलेली.

"पहिल्या महिन्यापासून, बाई." पोरीने मान वर केली नाही. "हातच पुरत नव्हते. सकाळीच दिवसभराच्या टिका मारून टाकायचो. कुणाला जखम झालीच, तर 'येतानाच होती' असं लिहायचो. तुमची मेहनत वाया जाऊ द्यायची नव्हती आम्हाला."

हिच्या कानफटात मारावी की हिला पोटाशी धरावं, ते तिला कळेना. या पोरी पाठीमागे तिला घड्याळबाई म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. आज घड्याळबाईलाच त्यांनी साडेपाच तास पुढे नेऊन ठेवलं होतं. तिने जखम स्वतः धुतली, पट्टी बांधली, शिंप्याच्या पाठीशी उशी लावली. पावणेअकरा झाले होते. "दोन तासांनी कूस बदल गं," एवढं सांगून ती निघाली.

परीक्षेच्या खोलीत बाहेरचे परीक्षक खुशीत होते. "शून्य बेडसोर! आणि तेही एकही नर्स न वाढवता! सिस्टर, तुम्ही मापदंड घालून दिलात."

तिने सांगून टाकलं. "सर, ते शून्य खोटं आहे. चार्ट आधीच भरून ठेवलेत. मी आत्ता नऊ नंबरची जखम धुऊन आलेय."

कोपऱ्यातल्या क्लार्कने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. परीक्षकांनी मार्गदर्शक मॅडमकडे बघितलं. मॅडम हसल्या. "अहो, तुमच्या अभ्यासाची मुदत मागच्याच महिन्यात संपली ना? आजची जखम त्यात धरायचीच कशाला?" मग परीक्षकांनी तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं. क्लार्कने पेन पुन्हा उचललं.

शेवटी सहीसाठी कागद तिच्यापुढे सरकला. प्रबंध एकमताने मंजूर. आहे त्याच मनुष्यबळात काम होते, सबब जादा नर्सेसची गरज नाही, असे प्रशासनास कळवावे. ती जे बोलली, त्यातलं अक्षरही कागदावर नव्हतं. लिहिलं नाही म्हणजे झालं नाही, हे तिनेच तीस वर्षं पोरींकडून घोकून घेतलं होतं. ताणून धरलं तर चौकशी लागेल आणि आधी पोरींच्याच नोकऱ्या जातील, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण खरं सांगायचं तर तिला पदवी हवी होती. तिने सही केली.

वॉर्डात ती परतली तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. "डॉक्टरबाई आल्या!" तिने कुणाकडे बघितलं नाही. पावणेएक झाला होता. शिंपी अजून त्याच डाव्या कुशीवर होता, उशी जशीच्या तशी. तिने त्याला हळूच उजव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये घडी केलेली चादर ठेवली. मग सवयीने पेन काढून चार्ट हातात घेतला. सगळे चौकोन भरलेले होते. तिने खरंच कूस बदलली होती, ती लिहायला चार्टवर जागाच नव्हती.