नकाशातली निळी पेठ

दिव्यांग दाखल्याच्या वेबसाइटवर पुण्याचा रंगीत नकाशा होता. आपल्या भागावर क्लिक केलं, की अर्ज उघडायचा. अंधांना तो वापरता येतो का, हे तपासायला जन्मांध श्यामरावांना बोलावलं होतं. त्यांच्या स्वतःच्या दाखल्याची मुदतही संपत आली होती.

ते टॅब दाबत गेले. पडद्यावरचं वाचून दाखवणारी कॉम्प्युटरमधली बाई प्रत्येक वेळी एकच शब्द बोलली, "लिंक."

"यातली सदाशिव पेठ कुठली?"

"अहो काका, ती निळी," वेबसाइट बनवणारा आमोद म्हणाला. "क्रोम, फायरफॉक्स, सफारी, कुठेही उघडा. निळीच दिसणार."

"प्रत्येक लिंकला नाव द्या. ते दिसत नाही, फक्त आम्हाला ऐकू येतं."

"दिसतच नाही? मग साहेबांना दाखवू काय?" असं म्हणून त्याने श्यामरावांचा फोटो काढला.

आठवड्याने श्यामरावांनी अर्ज भरायला घरी वेबसाइट उघडली. बाई आधी म्हणाली, "चित्र." मग पुन्हा तेच, लिंक, लिंक, लिंक.

"वासंती, हे कसलं चित्र गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमचाच फोटो आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, अंध बांधवांनी तपासून मंजूर केलेली वेबसाइट."