मी सांगेपर्यंत

"मुळांना रंग नीट लाव. मागच्या वेळी कानामागे राहिला होता," मुकादम म्हणाली आणि हॉटेलच्या खोलीतल्या आरशासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

मुकादम हे काही तिचं नाव नव्हतं. शाळेपासून ती सगळ्यांना कामं वाटत आली, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं. तिच्या मागे उभी होती ती चिमी. चिमीचं घराजवळ छोटंसं ब्यूटी पार्लर होतं आणि सुट्टीपुरतं ते बंद होतं. निदान चिमीचा तसा समज होता.

"आत्ताच लावायला हवा का? दहाची बोट आहे. आज शेवटचा दिवस."

"बोट कुठे पळून जातेय?"

बोट रोज पळूनच जात होती. आल्या दिवशी मुकादमचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी खोलीला कुबट वास येत होता, म्हणून खोली बदलून घेतली आणि बॅगा चिमीने उचलल्या. काल ऊन फार होतं. हॉटेलसमोरच्या तलावातल्या बेटाचं चिमीला फार अप्रूप होतं असंही नाही, बेटावर होती काय, तर दोन झाडं. तिला फक्त थोडा वेळ अशा जागी बसायचं होतं, जिथून कुणी 'जरा इकडे ये गं' म्हणून बोलावू शकणार नाही.

मुकादमने बॅगेतून रंगाची ट्यूब, वाटी, ब्रश, प्लास्टिकची टोपी असं एकेक काढून मांडलं. म्हणजे घरून निघतानाच ठरलेलं होतं. सहलीच्या बॅगेत तिने मैत्रिणीसाठी काम भरून आणलं होतं.

"हातमोजे?"

"राहिले बघ. तुला काय, सवय आहे."

चिमीने रंग कालवला. ब्रश फिरवताना डाव्या बाजूला तिचा हात हलका झाला. तिथले केस विरळ झाले होते, खालची कातडी दिसत होती. किती वर्षं झाली, चिमी तिथला भांग असा वळवून द्यायची की कुणाला पत्ता लागू नये. त्याबद्दल दोघी एकमेकींशी कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"काय सांगितलं?"

"'ही आमची पार्लरवाली, सोबतीला आणलीय.'"

"मग, खोटं आहे का? उलट किती कौतुक केलं तुझ्या हाताचं. तुझा नंबर मागत होत्या त्या. भल्याची दुनियाच नाही." मुकादमने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "तोंड पाडू नकोस बाई आता. आणि कपाळावर ओघळ आलाय, तो पूस."

चिमीने ओघळ पुसला. राहिलेला रंग मुकाट्याने लावला, केस वर गोळा केले, टोपी चढवली. मग साबणाने हात धुतले. बोटांची टोकं काळीच राहिली. तिने पर्स खांद्याला अडकवली.

"कुठे निघालीस?"

"बोटीवर."

"आणि हे?" मुकादमचा हात टोपीकडे गेला. "असं अर्धवट रंगवून टाकून जाणार मला? मैत्रीण ना तू माझी?"

"पार्लरवाली."



चिमीच्या पार्लरमध्ये एक नियम होता. रंग चढला की नाही ते ती बघणार, आणि ती सांगेपर्यंत कुणी नळाखाली जायचं नाही. जगातला हा एकच हुकूम मुकादम निमूटपणे पाळत आली होती.

"अर्धा तास लागेल. मी सांगेपर्यंत धुवायचं नाही, पट्टे उमटतात," चिमी चप्पल घालत म्हणाली. दारात ती थांबली. "आणि धुतल्यावर भांग उजवीकडे पाड. डावीकडे टक्कल पडायला लागलंय तुला."

दार तिने अगदी हळू लावलं.

बोटीत नाश्त्याच्या वेळच्या बाई नेमक्या तिच्याच शेजारी येऊन बसल्या. "तुमच्या मॅडम नाही आल्या?"

"त्यांना बाहेर पडता येत नाहीये."

बोट संथ होती. चालवणाऱ्यालाही कसली घाई नव्हती. काठ हळूहळू मागे सरकला, आणि बाईंनी एकदम वर बोट दाखवलं. "त्या बघा, खिडकीत उभ्या आहेत. केव्हाच्या हात करताहेत बिचाऱ्या. किती जीव आहे हो त्यांचा तुमच्यावर."

चिमीनेही हात वर केला. काळ्या बोटांचा.

बेट जवळ आलं तेव्हा पर्समध्ये फोन वाजला.

"चिमे." मुकादमचा आवाज एवढासा झाला होता. "अर्धा तास होऊन गेला गं. चुरचुरतंय. धुऊ का?"

चिमीने काठाकडे पाहिलं. खिडकी आता काडेपेटीएवढी दिसत होती आणि तिच्यात प्लास्टिकची टोपी उन्हाने चमकत होती. बोट बेटाच्या मागे वळू लागली.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी सांगते."

फोन बंद करून तिने पर्सची चेन ओढली.

"मॅडम का?" बाईंनी विचारलं.

"नाही, गिऱ्हाईक आहे एक," चिमी म्हणाली, आणि काळी बोटं पाण्यात सोडून बेटावरची दोन झाडं बघत बसली.