जाळीमागची पाकळी

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीच्या आरंभी, नवीन जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत, दोन क्रमांकाच्या यंत्राच्या जाळीमागून झेंडूची एक वाळलेली पाकळी निघाली. ती काढणारा चिमटा नुकत्याच कामाला लागलेल्या फरहीनच्या हातात होता. पाकळी बाहीत लपवावी, असे तिच्या मनात येऊन गेले. पण प्रयोगशाळाप्रमुख बिभीषण सर तिच्या खांद्यामागेच उभे होते.

त्या जाळीतून गाळलेली, निर्जंतुक हवा वाहते. तिच्यापुढे बसून केळीचे इवले कोंब एका बाटलीतून दुसरीत लावायचे, एवढेच तिथले काम. पण हवेत कसर राहिली की बाटलीत बुरशी धरते आणि रोप मरते. दसऱ्यानंतर दोन क्रमांकावर भरलेल्या झाडून साऱ्या बाटल्या काळवंडल्या होत्या. त्या यंत्रावर दैवशालाबाई बसत.

शोध सुरू होण्यापूर्वीच सरांनी सर्वांना उभे करून बजावले होते, "ज्याच्या हातून हे झालं, त्यानं आजपासून बाटल्या धुवायच्या. मंग तो कोणी का असंना."

दैवशालाबाई बाटल्या धुण्याच्या खोलीतूनच वर आलेल्या. सर कठोर आहेत, असे सगळे म्हणत. फरहीनला ते अर्धेच खरे वाटे. कठोर माणूस रागावतो. सर रागावत नसत. धुतलेली बाटली उजेडाकडे धरीत, पाहत आणि भिंतीतल्या खिडकीतून परत सरकवीत. "पुन्हा धुवा." कित्येक वर्षे बाईंनी हे दोन शब्द ऐकले. मग एके दिवशी सरांनीच त्यांना यंत्रापुढे बसवले आणि चिमटा धरायला शिकवले. बाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते. आता पुन्हा त्या खोलीत जाणे म्हणजे गल्लीला तोंड कसे दाखवायचे?

आणि त्या पाकळीने बोट दाखवले होते ते त्यांच्याकडेच. खंडेनवमीला बाई सरांशी सगळ्यांदेखत वाद घालून बसल्या होत्या. "सर, टॅक्टरला हार असतो, पिठाच्या गिरणीला असतो. आमच्या मशीनीला एक फूल बी न्हाई? उपाशी ठेवल्यासारखं वाटतंय."

"फूल म्हणजे बुरशीचं माहेर, दैवशालाबाई. पूजा बाहेर व्हरांड्यात करा."

पूजा व्हरांड्यात झाली. बाई दिवसभर घुश्शात होत्या.

आता सर पाकळीकडे पाहत होते. पुढच्या क्षणी ते बाईंचे नाव घेतील, असे फरहीनला वाटले. तिने डोळे मिटले आणि ती म्हणाली, "फूल मी ठेवलं, सर."

"तू?" दैवशालाबाई ओरडल्याच. "खंडेनवमीचं फूल? तू?"

मुखपट्ट्यांआड कोणीतरी फिसकन हसले.

"हो. तुम्ही नाराज होत्या ना, ताई. म्हणून."

"बिलकुल खोटं बोलून राह्यली, सर! मीच ठेवलं. पोर नवीन हाय, तिला काय म्हणू नका."

"ताई, तुम्ही चुप बसा ना!"

"तूच चुप बस. फूल वाहताना देठ कुठं करतेत, ते तरी ठाऊक हाय का तुला?"

फरहीनला ते ठाऊक नव्हते. बाईंनी कबुलीच दिली, तेव्हा आता वाचवणार तरी काय?

तेवढ्यात सरांनी मुखपट्टी उतरवली. त्या खोलीत त्यांचा उघडा चेहरा कोणी कधी पाहिला नव्हता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, हे अनेकांना त्या दिवशी कळले.

"दोघी बी साफ खोटं बोलताय," ते म्हणाले. "फूल मी ठेवलं व्हतं."

त्यांनी बोटाने जाळीचा कोपरा दाखवला.

"खंडेनवमीला तुम्ही सगळे गेल्यावर आल्तो. दैवशालाबाईंचं ते 'उपाशी' मनातून जाईना. एकच फूल. स्पिरिटमध्ये बराबर बुडवून घेतलं आणि मंगच जाळीत खोचलं. दसऱ्याला येऊन काढून बी नेलं." पाकळी त्यांनी तळहातावर घेतली. "एक आत गळाली, ते दिसलं न्हाई. आणि स्पिरिट हिच्या पोटात काही गेलं न्हाई, बुरशी तिथंच राह्यली."

मग त्यांनी पांढरा अंगरखा खुंटीला अडकवला आणि ते धुण्याच्या खोलीकडे निघाले.

"अहो सर, कायतरीच काय! राहू द्या!" दैवशालाबाई दारापर्यंत मागे धावल्या.

"कोणी का असंना, म्हणलो न्हाई का मी?"

दुपारी भिंतीतली खिडकी उघडली आणि धुतलेल्या बाटल्यांचा पहिला ट्रे आत आला. खिडकीपलीकडे सर उभे होते, कोपरांपर्यंत साबणाचा फेस, आणि चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा. सगळ्यांचे हात थांबले. दैवशालाबाईंनी एक बाटली उचलून उजेडाकडे धरली. गळ्याशी साबणाचे एक बारीक, पांढरे कडे राहिले होते. फरहीनला दुरूनही ते दिसले आणि तिने बाईंना डोळ्यांनी विनवले, की जाऊ द्या.

पण सरांसमोर बाईंचे एक खोटे बोलून झाले होते. एका दिवसाला तेवढे पुरे. आणि ही नजर त्यांना ज्याने दिली, त्यालाच कशी फसवायची? बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बाटली खिडकीतून हलकेच मागे सरकवली.

"पुन्हा धुवा."