तांब्यावरचा डाग

शेवटचा बोल्ट सुटला आणि फिटरनं तांब्याची जाळी अलगद बाहेर काढली.

"वहिनी, तुम्ही नका बघू," तो म्हणाला.

ती पुढे सरकली. वर्षभर ती याच दिवसाची वाट बघत होती. आणि आजच गेटवरच्या हजेरीच्या यंत्रानं तिला पाव तास अडवून ठेवलं होतं. लहानपणी पत्र्यानं चिरलेल्या तिच्या अंगठ्यावर मधोमध तिरका वण होता. यंत्राला तो अंगठा कधी ओळखूच यायचा नाही. "तुझा अंगठाच बेइमान," नवरा चिडवायचा.

सूर्यासारखी आग पेटवणाऱ्या यंत्राला ताव देणारे कण या जाळीच्या भोकांतून सुटत. जाळी घासून लख्ख करायची तिनं. जाळीवर ठिणगी पडली की सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात वीज तोडायची तिच्या नवऱ्यानं बसवलेल्या स्विचनं. तांब्याला उघडा हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. बोटाचं तेल राहिलं की ठिणगी नेमकी तिथंच पडते.

गेल्या साली दोघांनी मिळून जाळी बसवली आणि ठिणग्या सुरू झाल्या. तीनशे वेळा. स्विचनं तीनशे वेळा जाळी वाचवली, पण यंत्र काही चालेना. चौकशी बसली. जाळी आत बंद, कुणी पाहिलेलीही नाही, आणि हा बाबा, तिचा नवरा, आपणहून उभा राहिला.

"माझा हात उघडा होता. माझंच बोट लागलं असणार."

साहेबांना तेवढंच हवं होतं. दुपारपर्यंत त्याला बाहेर काढलं. तांबं वाचवायला लाखावा हिस्सा पुरे. माणूस वाचवायची घाई त्या इमारतीत कुणालाच नव्हती.

घरी तिनंही सोडलं नाही. "तुमच्या एका बोटानं वाटोळं केलं आपलं!"

"मग काय, कापून टाकू?" तो हसायचा. पुढं हसायचाही थांबला. नोकरी गेल्यापासून आठव्या महिन्यात खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याच्याशी ती शेवटचं धड कधी बोलली होती, हे तिला आठवत नव्हतं.

आज तिला एकच हवं होतं. तिथं बोट नसावं. तांब्यात खोट निघावी, धूळ निघावी, काहीही निघावं. म्हणजे साहेबांच्या टेबलावर हात आपटून सांगता येईल, त्याचं नाव खोडा.

फिटरनं भिंग धरलं. वीज वेळेत तुटल्यामुळं तांबं वितळलं नव्हतं. काळ्या ठिपक्यांमध्ये ठसा जसाच्या तसा होता.

"अंगठा दिसतोय," फिटर पुटपुटला. "आणि मधून ही कसली तिरकी रेघ?"

तिनं हातमोजा काढला. अंगठा ठशाशेजारी धरला. फिटरनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"पुसून टाकतो, वहिनी. कुणाला कळायचं नाही."

"पुसू नका, भाऊजी. साहेबांना बोलवा."

तिला तो दिवस आठवला. जाळी अर्धी बसली होती आणि त्यानं एकदम आपला उजवा हातमोजा काढून तिच्यापुढं धरला होता. "हा घाल. माझा नवा आहे." कामावर कसले लाड, म्हणून ती लाजली होती, हसली होती. स्वतःचा जुना तिनं न बघताच टोपलीत टाकला.

अंगठ्याशी फाटलेला असणार. त्यानं पाहिला होता.