एकतीस-एकोणपन्नास

बावीस वर्षांत काकूंनी औषधाच्या दुकानातून एक गोळी कमी किंवा जास्त दिलेली नाही.

पोहण्याच्या तलावाकाठी त्यांच्या क्लबाची, पिवळ्या टोप्यांची अकरा पोरं बाकावर पाय हलवत बसली आहेत.

नियम सहावा : प्रत्येक क्लबाने एक पंच द्यायचा. पंच नाही, तर त्या क्लबाची पोरं पाण्यात उतरणार नाहीत.

वेळपंच काकूंच्या हातात स्टॉपवॉच, बटणावर घामेजलेला अंगठा.

शिट्टी झाली, आठ मुलींनी सूर मारले आणि काकूंचा अंगठा बटणावर एकदा पडायच्या ऐवजी दोनदा पडला. घड्याळ सुरू झालं आणि जागच्या जागी थांबलं.

अशा वेळी ताबडतोब हात वर करायचा, हे सकाळीच शिकवलं होतं. मागे उभे असलेले मुख्य वेळपंच स्वतःच्या हातातलं चालू घड्याळ देतात.

काकूंनी हात वर केला नाही. आयुष्यातला पहिलाच पंचपणा, त्यात पहिलीच शर्यत. क्लबातल्या एकाही आईबापाला सवड नव्हती, म्हणून त्या दुकानाला कुलूप लावून आल्या होत्या. ‘या बाईला हटवा’ असं कुणी म्हटलं, की अकराच्या अकरा पोरं घरी. त्यांत त्यांची धाकटीही.

काकूंच्या, म्हणजे चौथ्या लेनमधल्या मुलीचा हात भिंतीला लागला.

“एकतीस सेकंद चव्वेचाळीस,” डावीकडचे निवृत्त पोस्टमन म्हणाले.

“एकतीस-अठ्ठावन्न,” उजवीकडचा दंतवैद्य म्हणाला. “तुमचं, काकू? बोला, इथे दात उपटत नाहीत.”

एका लेनला तीन वेळपंच, आणि तिघांच्या वेळांपैकी मधली धरतात. म्हणजे या दोघांच्या मधलं काहीही बोललं, की तीच वेळ लागणार.

“एकतीस-एकोणपन्नास.”

मुख्य वेळपंचांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि कागद छातीशी धरला.

शेजारच्या पाचव्या लेनची वेळ काकूंच्या कानावर आली. एकतीस-त्रेपन्न.

पुढच्या फेऱ्यांत त्यांचा अंगठा चुकला नाही. शेवटी अंतिम फेरीतल्या आठ जणी पुकारल्या. आठवी त्या पहिल्या शर्यतीतली, चौथ्या लेनमधली. तिच्या शेजारची पाचव्या लेनमधली नववी, म्हणजे बाहेर. ती पायरीवर बसली आणि टॉवेलात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागली.

“पापणी लवायच्या आत हुकलं गं,” तिचे वडील तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले.

त्या एकोणपन्नासऐवजी चोपन्न म्हणाल्या असत्या, तर आता दुसरीच पोर रडली असती.

धाकटी पळत आली. “आई, आता आमची रिले! तू अशी पांढरीफटक का पडलीस?”

“काही नाही. घड्याळाची दोरी काचतेय.”

“मग सैल कर की! वेंधळी कुठली!” ती पळालीसुद्धा.

काकू दोन पावलं बाकाकडे गेल्या. मग वळल्या आणि थेट पंचांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे चार-पाच जण होते. पाचव्या लेनवाल्या मुलीचा कोचही.

“सर, चौथ्या लेनची वेळ मी मनानं सांगितली. माझं घड्याळ बंद होतं.”

मुख्य वेळपंचांनी पेनाला टोपण लावलं. “हे माझ्या कानात सांगायचं होतंत, बाई.”

“का?”

“ऐकून न ऐकल्यासारखं करता आलं असतं. आता एवढ्यांनी ऐकलं.”

“नियम म्हणजे नियम!” कोच तडकला. “खोटी वेळ देणारा पंच बाद. आणि पंच नाही, तर क्लब बाद.”

“मला बाद करा. पण त्या पाचव्या लेनच्या पोरीला तरी न्याय मिळेल ना?”

“निकाल बदलत नाही,” मुख्य वेळपंच म्हणाले. त्यांनी काकूंकडे न बघता घड्याळासाठी हात पुढे केला.

अकरा पिवळ्या टोप्या पिशवीत गेल्या. दंडावर पेनाने लिहिलेला रिलेचा नंबर धाकटी थुंकी लावून पुसत राहिली.

पहिल्या दिवशी नवख्या पंचाची वेळ धरायची नाही, मुख्य वेळपंचांच्या घड्याळातली धरायची, आणि हे नवख्याला कळू द्यायचं नाही, असा त्या तलावावरचा एकोणीस वर्षांचा रिवाज होता.