ताईंचं कार्ड

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, जेनिवाल्दोला, इवोनेतीने आपल्या क्रेडिट कार्डावर मोठा टीव्ही हप्त्यांनी घेऊन दिला होता. एकाचं कार्ड सगळ्या घराने वापरायचं, ही ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातली रीतच. भावोजींनी दोनच हप्ते भरले; कर्जबुडव्यांच्या यादीत नाव लागलं तिचं. आज दुकानदाराने चारचौघांत तिला हप्त्यांवर शिलाई मशीन नाकारलं, तशी ती तणतणत बहिणीकडे आली. आत त्याच टीव्हीवर फुटबॉलचा सामना रंगला होता. “ताई, बसा, भाजलेलं मांस घ्या,” जेनिवाल्दो पडद्यावरून नजर न हटवता म्हणाला. “हप्त्यांचं काय?” “बँकेचं काय अडलंय? पाच वर्षं गप्प बसायचं, यादीतल्या नावासकट सगळं आपोआप मिटतं. बरं, नवीन कार्ड मिळालं का?” खेळाडू पेनल्टी मारायला धावला. इवोनेतीने टीव्हीची वायर उपटून पिशवीत कोंबली. गल्लीभर “गोल!”चा गलका उठला. “अहो ताई!” “पाच वर्षं गप्प बसा, भावोजी. सगळं आपोआप दिसेल.”